ठिणगी विझवणारा वायू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रात्री अंधारात दिव्याचे बटण बंद करताना बारकाईने पाहिलेत, तर बटणाच्या फटीत क्षणभर एक निळसर ठिणगी चमकून गेलेली दिसते. इस्त्री चालू असतानाच प्लग ओढून काढला, तर ठिणगी मोठी असते आणि 'चट्' असा आवाजही येतो. विजेचा वाहता प्रवाह सहजासहजी तुटत नाही. दोन धातू एकमेकांपासून दूर झाले, तरी मधल्या हवेतून तो वाट काढू पाहतो. घरातला दाब २३० व्होल्टचा असल्यामुळे ही ठिणगी तिथल्या तिथे विझते. पण कोयना किंवा चंद्रपूर येथून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्यांवर दाब चार लाख व्होल्टचा असतो आणि प्रवाह शेकडो, बिघाडाच्या वेळी हजारो अँपिअरचा असतो. तिथे नुसता खटका उघडून भागत नाही. ठिणगीची ज्वाला होते. तिचे तापमान वीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या तिपटीहून अधिक. आम्ही तिला 'आर्क' म्हणतो.

ही ज्वाला विझवायची कशी, हा विद्युत अभियांत्रिकीतला फार जुना प्रश्न आहे. गेली पन्नास-साठ वर्षे त्याचे सर्वांत चांगले उत्तर म्हणून जगभर एक वायू वापरला जातो. त्याचे नाव सल्फर हेक्झाफ्लोराइड. उपकेंद्रावर काम करणारी मंडळी त्याला 'एसएफ-सिक्स' म्हणतात. मी अनेक वर्षे उच्चदाब उपकेंद्रांच्या देखभालीचे काम केले, त्यामुळे या वायूशी माझा रोजचा संबंध आला. आज तो वायू वातावरणाच्या दृष्टीने आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे आणि त्याची जागा घ्यायला तीन-चार उमेदवार पुढे आले आहेत. त्यांतला कोणता निवडायचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तो का सोपा नाही, तेच मला सांगायचे आहे.

प्रथम खटक्याचे काम समजून घेऊ. उपकेंद्रातल्या या मोठ्या खटक्याला सर्किट ब्रेकर म्हणतात. वाहिनीवर झाड पडले, वीज कोसळली किंवा तार तुटली, की प्रवाह एकदम अनेक पटींनी वाढतो. तो तसाच वाहू दिला तर लाखो-कोटी रुपयांची रोहित्रे जळून जातील. म्हणून ब्रेकरने डोळ्याचे पाते लवायच्या आत तो तोडायचा असतो. आपल्याकडची वीज ५० आवर्तनांची आहे, म्हणजे प्रवाह दर सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो आणि तसे होताना १०० वेळा शून्यावर येतो. ब्रेकर या शून्याच्या क्षणाची वाट पाहतो. त्या क्षणी आर्क अशक्त असतो. नेमके तेव्हाच मधली तापलेली जागा थंड करून पुन्हा रोधक केली, तर आर्क परत पेटत नाही. हे सगळे सेकंदाच्या काही लाखाव्या भागात घडावे लागते. जमले नाही, तर पुढच्या शून्यापर्यंत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत थांबायचे. आधुनिक ब्रेकर दोन-तीन आवर्तनांत आपले काम आटोपतो.

म्हणजे या कामासाठी जे माध्यम हवे, त्याच्याकडून दोन अपेक्षा आहेत. खटका बंद असो वा उघडा, त्याने विजेला इकडेतिकडे उडी मारू द्यायची नाही. आणि खटका उघडताना पेटलेला आर्क त्याने झटकन थंड करायचा. पूर्वी हे काम खनिज तेल करत असे. तेलाने भरलेल्या मोठमोठ्या टाक्यांतले ब्रेकर जुन्या उपकेंद्रांत अनेकांनी पाहिले असतील. तेल चांगले रोधक आहे, पण ते पेटते, आणि पेटले की आगीचे संकट. त्यानंतर दाबाखालच्या हवेचा झोत सोडून आर्क फुंकून टाकणारे ब्रेकर आले. त्यांना कॉम्प्रेसर लागत, भरपूर देखभाल लागे, आणि ते उघडताना तोफ उडाल्यासारखा आवाज होई.

एसएफ-सिक्सचा जन्म मात्र विजेच्या कामासाठी झाला नव्हता. फ्लोरिन हे मूलद्रव्य प्रथम वेगळे करणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ आणि त्यांचे सहकारी पॉल लबो यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी पॅरिसमध्ये हा वायू तयार केला. म्वासाँ यांना १९०६ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या वायूच्या रेणूत मध्यभागी गंधकाचा एक अणू असतो आणि त्याच्याभोवती फ्लोरिनचे सहा अणू घट्ट बसलेले असतात. बाहेरून कोणत्याही दुसऱ्या पदार्थाला आत शिरायला फट राहत नाही. त्यामुळे हा वायू कशाशीही सहजी संयोग पावत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, तो जळत नाही आणि शुद्ध स्थितीत विषारीही नाही. हवेच्या तुलनेत तो सुमारे पाचपट जड आहे.

आणि तो इलेक्ट्रॉनचा भुकेला आहे. वीज हवेतून उडी मारते तेव्हा घडते काय? एखादा मोकळा इलेक्ट्रॉन विजेच्या दाबाने धावत सुटतो, हवेच्या रेणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतो, ते पुन्हा धावतात, आणि बघता बघता इलेक्ट्रॉनचा लोंढा तयार होतो. लग्नघरात एक पोर सैरावैरा धावू लागले की त्याच्यामागे दहा पोरे धावू लागतात, तसेच हे. पण पहिल्याच पोराला एखाद्या मावशीने कडेवर उचलून घेतले, तर पुढचा गोंधळ टळतो. एसएफ-सिक्सचा रेणू ही ती मावशी. तो मोकळा इलेक्ट्रॉन पकडतो आणि स्वतः जड असल्यामुळे जागच्या जागी राहतो. म्हणून सारख्याच दाबाला या वायूची रोधकशक्ती हवेच्या अडीच ते तीन पट असते. आर्कच्या उष्णतेने त्याचा रेणू फुटतो, पण थंड होताच बहुतेक तुकडे पुन्हा जुळून मूळचा वायू तयार होतो. इतका सोशिक कामगार कोणाला नको असेल?

अमेरिकेतल्या वेस्टिंगहाऊस कंपनीने १९५० च्या दशकात या वायूचे ब्रेकर बाजारात आणले. पुढच्या दशकात त्याहून मोठी गोष्ट घडली. केवळ ब्रेकरच नव्हे, तर उपकेंद्रातले जवळजवळ सगळे उच्चदाब भाग धातूच्या नळकांड्यांत बंद करून त्यांत हा वायू भरायची पद्धत निघाली. तिला 'गॅस इन्सुलेटेड' किंवा सुटसुटीतपणे 'जीआयएस' उपकेंद्र म्हणतात. उघड्यावरच्या उपकेंद्रात दोन तारांमध्ये हवेचे काही मीटर अंतर ठेवावे लागते. वायू भरलेल्या नळीत तेच काम काही सेंटिमीटरमध्ये होते. त्यामुळे उपकेंद्राला लागणारी जागा साधारण एक दशांशावर येते. मुंबईसारख्या शहरात, जिथे हातभर जमिनीचा भाव ऐकून घेरी यावी, तिथे दाट वस्तीत एखाद्या इमारतीच्या पोटात २२० किलोव्होल्टचे उपकेंद्र बसू शकते ते या वायूमुळे. खाऱ्या, दमट हवेचा आणि धुळीचाही तिथे त्रास नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. जो गुण नळीच्या आत वरदान ठरतो, तोच नळीच्या बाहेर शाप होतो. हा वायू कशाशीही संयोग पावत नाही, याचा अर्थ निसर्गात त्याला मोडणारेही जवळजवळ काही नाही. पाऊस त्याला धुऊन नेत नाही, झाडे तो शोषत नाहीत, आणि आपल्या आसपासचे ऊन त्याला फोडत नाही. वातावरणाच्या अगदी वरच्या थरांत पोचल्यावरच तो हळूहळू नष्ट होतो. तो वातावरणात किती काळ टिकतो, याचा जुना अंदाज ३२०० वर्षांचा होता. नव्या संशोधनानुसार तो हजार वर्षांच्या आसपास आहे. अंदाज कमी झाला म्हणून हायसे वाटायचे कारण नाही. ज्ञानेश्वरांच्या काळात एखाद्या नळीतून हा वायू सुटला असता, तर आज त्याचा बराच भाग हवेत शिल्लक असता, एवढाच त्याचा अर्थ.

आणि तो नुसता टिकत नाही, तर उष्णता अडवतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो एसएफ-सिक्स सुमारे २४ हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवतो. हे आकडे डोक्यावरून जातात, म्हणून साधा हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे या वायूचा एक किलो हवेत सुटणे हे दहा हजार लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार तेवढ्या पेट्रोलवर दीड लाख किलोमीटर धावेल. एका मोठ्या जीआयएस उपकेंद्रात हा वायू काही टन असू शकतो. समजा पाच टन आहे आणि गळती वर्षाला केवळ अर्धा टक्का आहे. तरी २५ किलो वायू, म्हणजे ६०० टन कार्बन डायऑक्साइडइतका भार, दरवर्षी हवेत गेला. आणि अर्धा टक्का गळती म्हणजे गैरकारभार नव्हे. आंतरराष्ट्रीय मानकांत चांगल्या उपकरणासाठी तेवढी मुभा धरलेली आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जगाच्या एकूण तापमानवाढीत या वायूचा वाटा आज एक टक्क्याहूनही कमी आहे. कोळसा, तेल आणि जंगलतोड हेच मुख्य गुन्हेगार आहेत. मग एवढ्या लहान वाट्यासाठी डोकेफोड कशाला, असे कोणी विचारेल. याचे कारण असे, की हा हिशेब फक्त जमेचा आहे, त्यात वजाबाकी नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर हवेच्या दर लाख कोटी रेणूंमागे या वायूचे साडेतीनच्या आसपास रेणू होते. आता ते अकराहून अधिक आहेत. २०१८ साली जगभरातून सुमारे नऊ हजार टन वायू हवेत गेला. १९९७ च्या क्योटो करारात ज्या सहा वायूंची नावे घातली होती, त्यांत हा एक होता. त्यानंतर बिनगरजेचे उपयोग कमी झाले. एका नामांकित कंपनीच्या बुटांच्या तळव्यांतल्या हवेच्या पिशव्यांत हा वायू भरला जाई. ते २००६ मध्ये बंद झाले. मोटारींच्या टायरांत आणि दुहेरी काचांच्या खिडक्यांतही तो भरत. आज त्याचा बहुतेक वापर विजेच्या उपकरणांतच होतो. आणि गंमत पाहा, कोळसा सोडून सौर आणि पवन ऊर्जेकडे वळायचे तर नव्या वाहिन्या, नवी उपकेंद्रे, नवे ब्रेकर लागणार. म्हणजे तापमानवाढ रोखण्याच्या कामातच हा वायू जास्त लागणार.

गळती होते तरी कोठून? नळकांड्यांच्या जोडांना रबरी कड्या असतात. त्या उन्हापावसाने वर्षानुवर्षे कडक होत जातात. वायू भरताना, काढताना नळीची जोडणी नीट बसली नाही तर तो सुटतो. दाबमापकाचा काटा खाली आला की वायू पुन्हा भरायचा, असा जुन्या काळचा सरळ हिशेब होता. गळती शोधायला वाहिनी बंद ठेवावी लागते आणि उन्हाळ्यात वाहिनी बंद ठेवायची परवानगी कोणी देत नाही. मग सिलिंडर आणून भरत राहणे सोपे पडते. शिवाय हा वायू जड असल्यामुळे केबलच्या चरात, तळघरात साचतो आणि तिथली हवा बाहेर ढकलतो. वास नसल्यामुळे कळत नाही. अशा चरात उतरण्यापूर्वी पंखे लावून हवा खेळवायची, हा नियम आम्ही नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो. आर्क झालेली टाकी उघडल्यावर आत पांढरी भुकटी सापडते. ती आणि तिच्याबरोबरचे वायू विषारी असतात. हातमोजे, मुखवटा घातल्याशिवाय तिथे हात घालायचा नसतो. म्हणून पर्याय हवा आहे, तो केवळ आकाशासाठी नव्हे, तर हे काम करणाऱ्या माणसासाठीही.

पर्याय शोधताना आमच्या क्षेत्राने स्वतःचाच इतिहास विसरू नये. तेल पेटते म्हणून एके काळी रोहित्रांत आणि कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाची रसायने भरली गेली. उत्तम रोधक, न पेटणारी, न बिघडणारी. पुढे लक्षात आले, की ती निसर्गात मोडतच नाहीत, माशांत आणि माणसांच्या चरबीत साठतात आणि आजार निर्माण करतात. २००१ च्या स्टॉकहोम कराराने त्यांच्यावर बंदी घातली आणि जुन्या उपकरणांतून त्यांचा वापर थांबवण्यासाठी २०२५ ची मुदत दिली. एका पिढीने आगीचा प्रश्न सोडवला आणि पुढच्या दोन पिढ्यांना विषाचा प्रश्न दिला. 'न बिघडणारे' हे विशेषण ऐकले की माझे कान टवकारतात ते याच कारणाने.

आता उमेदवारांकडे वळू. पहिला मार्ग सर्वांत साधा आहे: ज्वाला विझवायला निर्वात पोकळी आणि रोधनाला शुद्ध कोरडी हवा. निर्वात बाटलीत आर्क पोसायला वायूच नसतो. खटका उघडताना धातूची थोडी वाफ होते, तीच आर्क चालवते, आणि प्रवाह शून्यावर येताच ती वाफ क्षणात धातूवर परत जमते. ११ आणि ३३ किलोव्होल्टला निर्वात ब्रेकर आपल्याकडे कित्येक वर्षे सर्रास वापरात आहेत. ही पद्धत १४५ किलोव्होल्टपर्यंत चढली आहे. त्याहून वर मात्र अडचण येते, कारण पोकळीतले अंतर दुप्पट केले म्हणून तिची सहनशक्ती दुप्पट होत नाही. मग एकापुढे एक बाटल्या जोडाव्या लागतात. बाहेरच्या रोधनासाठी नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे साधे मिश्रण, म्हणजे धूळ-दमट काढलेली हवा. ती सुटली तर सुटली, हवेत हवा मिसळली. पण तिची रोधकशक्ती एसएफ-सिक्सच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. त्यामुळे दाब वाढवावा लागतो किंवा नळकांडे मोठे करावे लागते. जास्त ॲल्युमिनियम लागते, जागा जास्त लागते, आणि ॲल्युमिनियम तयार करायलाही भरपूर वीज लागतेच.

दुसरा मार्ग फ्लोरोनायट्राइल गटातल्या वायूचा. हाही इलेक्ट्रॉन पकडणारा, रोधनात एसएफ-सिक्सपेक्षा सरस. पण तो उणे पाच अंशांच्या आसपासच द्रवरूप होतो, म्हणून तो एकटा वापरता येत नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये चार-सहा टक्के मिसळून, जोडीला थोडा ऑक्सिजन घालून त्याचे मिश्रण करतात. या मिश्रणाची तापमानवाढीची ताकद एसएफ-सिक्सपेक्षा सुमारे ९८ टक्क्यांनी कमी असते आणि उपकरणाचा आकार जवळपास तेवढाच राहतो. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात सेलिंज येथील उपकेंद्रात २०१७ साली चार लाख व्होल्टच्या वर्गातली या मिश्रणाने भरलेली नळवाहिनी चालू करण्यात आली. एवढ्या दाबाला पर्यायी वायू टिकतो, हे त्याने प्रत्यक्ष दाखवले.

तिसरा मार्ग फ्लोरोकीटोनचा. हा रेणू उन्हाने काही दिवसांतच मोडतो, त्यामुळे त्याची तापमानवाढीची ताकद जवळजवळ कार्बन डायऑक्साइडएवढीच, म्हणजे नगण्य. झ्युरिच शहरातल्या ओर्लिकोन येथील उपकेंद्रात २०१५ पासून त्याच्या मिश्रणावर चालणारी जीआयएस यंत्रणा आहे. याची दुखरी नस म्हणजे थंडी. शुद्ध स्वरूपात तो २७ अंशांलाच द्रवरूप होतो, त्यामुळे मिश्रणात तो थोडाच घालता येतो आणि कडाक्याच्या थंडीत तेवढाही टिकत नाही. विदर्भाच्या उन्हाला ही अडचण नाही, पण लेह-लडाखला आहे. युरोपात बसलेली मोजपट्टी जशीच्या तशी आपल्याला लागू होत नाही, याचे हे एक उदाहरण.

इथपर्यंत ऐकून वाटेल, की प्रश्न सुटला. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गावर एक नवे वळण आले. या दोन्ही वायूंत कार्बन-फ्लोरिनचे ते घट्ट बंध आहेत. अशा हजारो रसायनांचा एक मोठा गट आहे. ती किंवा त्यांचे अवशेष पाण्यात, मातीत, रक्तात वर्षानुवर्षे राहतात, म्हणून त्यांना 'कायमची रसायने' असे नाव पडले आहे. २०२३ च्या सुरुवातीला पाच युरोपीय देशांनी या संपूर्ण गटावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, हे दोन्ही वायू बनवणाऱ्या थ्रीएम या अमेरिकी कंपनीने २०२५ अखेर या गटातल्या सर्व रसायनांचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले होते. ज्या वायूवर चाळीस वर्षे चालणारी उपकरणे उभी करायची, तो बनवणाराच बाजूला झाला, तर वीज कंपन्यांनी काय करायचे? इतर उत्पादक पुढे आले, तरी मनात शंका राहतेच. पीसीबीची गोष्ट मी मघाशी सांगितली ती यासाठी.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये जो नियम केला, त्यात ही शंका उमटलेली दिसते. २४ किलोव्होल्टपर्यंतच्या नव्या उपकरणांत १ जानेवारी २०२६ पासून आणि ५२ किलोव्होल्टपर्यंत २०३० पासून एसएफ-सिक्सच काय, कोणताही फ्लोरिनयुक्त हरितगृह वायू वापरायचा नाही. १४५ किलोव्होल्टपर्यंत २०२८ पासून आणि त्याहून वर २०३२ पासून जवळजवळ शून्य तापमानवाढीचे माध्यम हवे. योग्य उपकरण मिळत नसेल तर काही सवलती ठेवल्या आहेत. २०३५ पासून जुन्या उपकरणांच्या दुरुस्तीलाही नवा तयार केलेला एसएफ-सिक्स न वापरता, काही अपवाद सोडल्यास, जुनाच शुद्ध करून वापरायचा आहे. चालू असलेली उपकरणे उपटून फेका, असे मात्र नियम सांगत नाही, आणि ते शहाणपणाचे आहे.

हे नियम युरोपचे. आपण काय करावे? माझ्या मते इथे सरसकट एकच उत्तर शोधू नये, दाबाप्रमाणे वेगळे उत्तर शोधावे. ११ आणि ३३ किलोव्होल्टला निर्वात आणि हवा यांनी काम भागते. तिथे नव्याने एसएफ-सिक्स भरायला सबळ कारण उरलेले नाही. १३२ किलोव्होल्टला जागा उपलब्ध असेल तिथे हवेचाच पर्याय आधी तपासावा, कारण त्यात पुढच्या पिढीसाठी दडलेले काही नाही. २२० आणि ४०० किलोव्होल्टला, विशेषतः शहरातल्या कोंदट जागेत, मिश्रण की एसएफ-सिक्स हा प्रश्न अजून काही वर्षे राहील. तिथे घाईने उडी घेण्यापेक्षा गळती काटेकोर मोजणे आणि वायूचा हिशेब किलोकिलोने ठेवणे हे आजच करता येण्यासारखे आहे. सिलिंडर किती आले, किती भरले, किती परत गेले, याची वही प्रत्येक उपकेंद्रात हवी. हा वायू पंपाने परत काढून, गाळून, शुद्ध करून पुन्हा वापरता येतो. तो हवेत सोडून देण्याची गरज कधीच नसते.

हे सगळे आत्ताच का बोलायचे? भारताने २०३० पर्यंत जीवाश्म इंधनाविना ५०० गिगावॅट क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. राजस्थान, गुजरातच्या उन्हात आणि वाऱ्यावर तयार झालेली वीज शहरांपर्यंत आणायला हजारो ब्रेकर बसत आहेत. आज बसवलेला ब्रेकर ३०-४० वर्षे जागचा हलत नाही. म्हणजे आजच्या निविदेत लिहिलेली एक ओळ २०६० पर्यंत टिकणार आहे. नाशिक, ठाणे, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात विजेची उपकरणे बनवणारे कारखाने आहेत. युरोपला माल विकायचा तर त्यांना हे तंत्र शिकावे लागणारच. मग परदेशासाठी स्वच्छ उपकरण आणि घरच्यासाठी जुने, असे होऊ नये.

सामान्य माणसाचा याच्याशी काय संबंध, असे वाटत असेल, तर सोसायटीच्या आवारात किंवा फुटपाथच्या कडेला असलेली ती कपाटासारखी लोखंडी पेटी आठवून पाहा. तिच्यावर कवटीचे चित्र आणि ११,००० व्होल्टची पाटी असते. अशा अनेक पेट्यांत एक-दोन किलो एसएफ-सिक्स सीलबंद असतो. पेटी चांगली असेल तोवर तिला हात लावायचे कारण नाही. ती जुनी होऊन बदलायची वेळ येईल, तेव्हा भंगारवाला तिला छिन्नीने फोडणार, की आतला वायू आधी काढून घेतला जाणार, एवढा एक प्रश्न सोसायटीच्या सेक्रेटरीने वीज कंपनीला लेखी विचारावा. आणि नव्या पेटीत कोणता वायू आहे, हेही विचारावे. दहा हजार लिटर पेट्रोलएवढा फरक त्या दोन ओळींच्या पत्राने पडू शकतो.